मानसिक आजारावर बोर्ड आउट झालेल्या जवानाची पेन्शन : कागदापासून ट्रिब्युनलपर्यंत

मी फौजेत क्लार्क होतो. रायफल फायरिंगच्या दिवशी हातात यायची, कागद मात्र रोज. त्यामुळे गावात कुणाचाही फौजेचा कागद अडला की तो आमच्या ओट्यावर येतो.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. बाजाराच्या पिशवीत दुधाची रिकामी पिशवी, तिच्यात रबर लावलेला गठ्ठा. मुलगा सहा वर्षं नोकरी करून मानसिक आजारावर घरी आलेला. डिस्चार्ज बुकात मेडिकल कॅटेगरी ‘एस-५’, कारण ‘सेवेस वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’. सोबत पेन्शन नाकारल्याचं एक पानी पत्र. बाई म्हणाल्या, “डोक्याच्या आजाराला पेन्शन नसतीच म्हणत्यात सगळी. खरं का वो?”

खरं नाही. पण हा गैरसमज इतका पक्का बसलाय की कित्येक घरांतून अपीलच होत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

नियम काय म्हणतो

फौजेत प्रकृतीची प्रतवारी पाच इंग्रजी अक्षरांत होते, त्याला ‘शेप’ म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर ‘एस’ म्हणजे मनाची स्थिती. १ म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे नोकरीला अपात्र. एस-५ झाला की इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसतं आणि जवान घरी येतो. यालाच आपण बोर्ड आउट म्हणतो.

दिव्यांगता पेन्शनला दोन गोष्टी लागतात. आजार सैन्यसेवेमुळे झालेला असावा किंवा सैन्यसेवेने वाढलेला असावा, आणि अपंगत्व किमान २० टक्के असावं. १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशन्समधला नियम १७३ हेच सांगतो. आजार शरीराचा की मनाचा, असा भेद त्यात नाही.

मग अडतं कुठे? बोर्ड लिहितं, ‘सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही.’ या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जोडून क्लार्क आणि वकील मंडळी त्याला ‘नाना’ म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. हा नाना मात्र ताटातलं काढून घेतो. आणि नुसते पैसेच जात नाहीत. मेडिकलवर घरी आलेल्याला पेन्शन नसेल तर माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, उपचार नाहीत, माजी सैनिकांच्या राखीव जागा नाहीत. ज्याला आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या आहेत त्याच्या दृष्टीने ईसीएचएस हीच मोठी गोष्ट आहे.

सगळी लढाई आजाराशी नाही, या एका शेऱ्याशी आहे. तो शेरा लिहिताना बोर्डाने कारण काय दिलं, एवढंच शोधायचं.

आधी कुठल्या दाराने बाहेर पडला ते बघा

डिस्चार्ज बुकातलं कारण अक्षर न अक्षर वाचा. बोर्ड बसून आलेला, सेवा पूर्ण करून पण खालच्या मेडिकल कॅटेगरीत आलेला, आणि ‘गैरहजर’, ‘भगोडा’ किंवा ‘अनिष्ट’ असा शेरा मारून काढलेला, या तिघांचे रस्ते वेगळे आहेत. तिसऱ्याबद्दल पुढे लिहितो. पहिल्या दोघांसाठी पुढची पद्धत जवळपास एकच.

तारीखही बघा, कारण नियम तारखेवर ठरतात. १९८२ चे एंटायटलमेंट नियम (पेन्शनचा हक्क ठरवणारे), मग २००८ चे आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे. १९८२ चे नियम जवानाच्या बाजूने सगळ्यात उदार होते. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगीच आला असं धरायचं, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. २०२३ चे नियम कडक आहेत. जुन्या तारखेच्या माणसाला नवे नियम दाखवून परत पाठवत असतील तर तिथेच हरकत घ्या.

कागद मिळवा, आणि लवकर मिळवा

ज्यांना पेन्शन नाही अशा जवानांची सेवापत्रकं रेकॉर्ड ऑफिसात साधारण २५ वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. मागे फक्त लाँग रोलमधली, म्हणजे कायम नोंदवहीतली, एक ओळ उरते. त्यातच २००८ च्या नियमांत एक मेख आहे. डिस्चार्जनंतर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर येते. म्हणजे गप्प बसून राहिलात की केस आपोआप कमजोर होत जाते.

अर्ज माहिती अधिकारात, आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, रणगाडा दल असेल तर अहिल्यानगर, महार रेजिमेंट असेल तर सागर. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने चालते. उत्तराला ३० दिवसांची मुदत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्जावर सही जवानाचीच हवी. आईने किंवा बायकोने स्वतःच्या नावाने मागितलं की ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून परत येतं. त्या बाईंच्या मुलाला मी पेन दिला तर बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला. मग आधी आर्मी नंबर लिहिला, न चुकता, मग रँक, मग नाव. सही करण्याच्या स्थितीत माणूस नसेल तर अधिकारपत्र आणि उपचारांचे कागद जोडा.

मोघम ‘माझे सर्व कागद द्या’ असं लिहू नका. नावं घेऊन मागा. मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, म्हणजे फॉर्म एएफएमएसएफ-१६, सर्व भागांसह. सीओंनी, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने, मानसिक रुग्णाबद्दल भरून दिलेला अहवाल, फॉर्म एएफएमएसएफ-१०. मनोविकारतज्ज्ञाचं मत. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. पोस्टिंगचा तपशील, त्यात पीस (शांततेचं ठाणं) आणि फील्ड (सीमेवरचं किंवा कारवाईचं क्षेत्र) वेगळं दाखवलेलं. रजेचा तपशील, नाकारलेल्या रजेसह. पेन्शन नाकारल्याचा मूळ आदेश. लष्करी इस्पितळातली केसशीट वेगळ्या अर्जाने त्या इस्पितळाकडे मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ मध्ये रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे, तो अर्जात लिहा.

सोळा नंबरचा फॉर्म कसा वाचायचा

कागद आले की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एएफएमएसएफ-१६ मधला बोर्डाच्या मताचा तक्ता उघडा. एका रकान्यात आजाराचं नाव, पुढे तीन रकाने : सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, सेवेशी संबंध नाही का. प्रत्येकात हो किंवा नाही. आणि शेवटी ‘कारण’. आपल्या कामाचा रकाना हा शेवटचा.

मी पाहिलेल्या कागदांत तिथे बहुतेक तीनपैकी एक गोष्ट असते. एक तर रकाना कोराच असतो, किंवा आजाराचं नावच पुन्हा लिहिलेलं असतं. नाहीतर एक ठरावीक ओळ असते : ‘आजार पीस स्टेशनमध्ये सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरांविरुद्धच्या कारवाईच्या) ड्युटीच्या ताणाशी निकटचा संबंध नाही.’ किंवा मग ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’, म्हणजे प्रकृतीतच होता, फौजेचा दोष नाही.

या बाईंच्या मुलाच्या फॉर्मवर पीस स्टेशनची ओळ होती. मग मी पोस्टिंगचा कागद शेजारी ठेवला. युनिट काश्मीर खोऱ्यातून पीसला येऊन पाच आठवडे झाले होते, आणि सहाव्या आठवड्यात त्याला इस्पितळात नेलं. पाच आठवड्यांपूर्वी तो पहाऱ्यावर रात्र रात्र जागत होता. पण फॉर्मवर ‘पीस’. नियमात बसणारं, पण खरं नव्हे.

याच फॉर्मवर जवानाचा स्वतःचा जबाब असतो. भरतीपूर्वी आजार होता का, घराण्यात कुणाला होता का, असे प्रश्न. वॉर्डात गुंगीच्या औषधांवर असलेल्या माणसाने दिलेली उत्तरं आणि केलेली सही, हीच नंतर त्याच्याविरुद्ध वापरतात. जबाब कुठल्या तारखेचा आणि त्या दिवशी कुठली औषधं चालू होती, हे केसशीटमध्ये ताडून बघा.

तारखांची पट्टी बनवा

केसचा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

फौजेच्या डॉक्टरांसाठी पेन्शनविषयक एक अधिकृत गाइड आहे. २००२ चं, २००८ मध्ये सुधारलेलं, आणि २०२३ च्या नव्या नियमांआधी घरी आलेल्यांना लागू असलेलं. त्याचा परिच्छेद ५४ मानसिक आजारांवर आहे. सरकारच्याच पुस्तकात लिहिलंय की आजार कुठल्या परिस्थितीत सेवेशी जोडायचा : लढाईचं किंवा काउंटर इन्सर्जन्सीचं क्षेत्र, हाय अल्टिट्यूड, अगदी एकाकी ठाणं, समुद्रावरची सेवा, माणसं दगावलेला अपघात, नागरी मदतीत पाहिलेली मोठी आपत्ती.

आजार ‘वाढला’ असं कधी धरायचं तेही आहे. सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारली आणि तीन महिन्यांच्या आत आजार उघड झाला, अशी स्थिती. मात्र रजेचं कारण गंभीर हवं : जवान एकुलता मुलगा असताना आई-वडिलांचा मृत्यू, बायको-मुलांचा मृत्यू, घरच्यांवर गंभीर गुन्हा, भूकंप-वादळात कुटुंब सापडणं, मुलांचं लग्न, किंवा जवान एकुलता भाऊ असताना बहिणीचं लग्न. आणखी एक : आजाराचं निदान झाल्यावर ‘याला अमुक ड्युटी देऊ नये’ असं बंधन असूनही तशाच ताणाच्या ठिकाणी ठेवलं, आणि तब्येत ढासळली. रिक्रूटसाठी, म्हणजे ट्रेनिंगमधल्या जवानासाठी, निकष कडक आहे, ठळकपणे दाखवता येणारा मोठा आघात लागतो. त्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. घरच्यांनी लाजेपोटी ही गोष्ट दडवू नये.

आता एक लांब कागद घ्या. डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे पुरावा. भरती, ट्रेनिंग, प्रत्येक पोस्टिंग, प्रत्येक रजा, मागितलेली पण न मिळालेली रजा, सोबत्याचा मृत्यू, पहिली निद्रानाशाची तक्रार, पहिलं इस्पितळ. रजेवर असताना तालुक्याच्या डॉक्टरने ‘झोप नाही, घाबरतो’ म्हणून दिलेली चिठ्ठी, घरी पाठवलेले रात्री तीनचे मेसेज, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, हे सगळं उजव्या रकान्यात. पुरावा नसलेली घटनाही लिहा, पण उजवा रकाना रिकामा सोडा. खोटी चिठ्ठी कुणाकडून करून घेऊ नका. एक खोटा कागद सापडला की बाकीच्या खऱ्या दहांची किंमत जाते.

पट्टी पूर्ण झाली की परिच्छेद ५४ तिच्याशेजारी ठेवा. कुठे ना कुठे दोन ओळी जुळतात. जिथे जुळतात, तोच तुमचा मुद्दा.

सीओंचा दहा नंबरचा फॉर्म याच वेळी बघा. पुष्कळदा त्यात जवानाचं काम चांगलं होतं आणि अमुक काळापासून वागणं बदललं, असं साहेबांनीच लिहिलेलं असतं. जन्मजात दोष असता तर इतकी वर्षं काम चांगलं कसं होतं?

अपिलाच्या दोन पायऱ्या

पेन्शन नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील समितीकडे. ते फेटाळलं तर दुसरं. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण लिहून पाठवा. आजारी माणसाला पत्र कळलंच नाही, हे खरं असेल तर ते पुरेसं कारण आहे.

अपील दोन-तीन पानांचं असावं. देशसेवा, त्याग, गरिबी यांवर पानं भरू नका, ती समितीने हजारदा वाचलेली आहेत. बोर्डाची ओळ जशीच्या तशी उतरवा, तिच्याखाली तुमच्या पट्टीतल्या तारखा, मग परिच्छेद ५४, आणि शेवटी मागणी : आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असं मानून पेन्शन द्यावी, नाहीतर फेरतपासणीचं रिव्ह्यू मेडिकल बोर्ड बसवावं. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच गठ्ठ्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलं तरी आवक नंबर घ्या. “साहेबांनी दिलंय पुढं” याला पुरावा म्हणत नाहीत.

ट्रिब्युनल

अपील फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच नाही, की सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने झालेलं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबई खंडपीठ. निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या खंडपीठात जाता येतं, शेवटचं युनिट आसामात होतं म्हणून गुवाहाटीला जायची गरज नाही. जवान हयात नसेल तर वारसांना जाता येतं. तो स्वतः समजून घेण्याच्या स्थितीत नसेल तर आई किंवा पत्नी वादमित्र म्हणून अर्ज करू शकते. वकिलाकडून हे सुरुवातीलाच नीट करून घ्या. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. कुणी फक्त गोड बाजू सांगत असेल तर सावध राहा.

तुमच्या बाजूने पहिला धरमवीर सिंह, २०१३. तो फिट्सचा रुग्ण होता, मानसिक नव्हे, पण सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं : भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेत आला असं धरा, आणि नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण द्या. त्याच दिवशीचा वीरपाल सिंहचा निकाल स्किझोफ्रेनियाचा आहे. त्यात निदानच घाईने केल्यासारखं दिसलं म्हणून न्यायालयाने नव्या बोर्डाचा आदेश दिला. २०१४ चा सुखविंदर सिंह सांगतो की माणसाला बोर्ड आउट केलं याचाच अर्थ अपंगत्व २० टक्क्यांवर होतं. म्हणजे ‘१५ टक्केच आहे’ म्हणून पेन्शन नाकारणं बोर्ड आउट झालेल्याला लागू होत नाही.

विरुद्ध बाजूला नरसिंह यादव, २०१९. तोही स्किझोफ्रेनिया. न्यायालय म्हणालं, मनाचा आजार भरतीच्या तपासणीत सहसा दिसत नाही, म्हणून तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावर तो सेवेमुळे झाला असं म्हणता येणार नाही. सरकारी वकील हा निकाल पुढे करणार, हे धरूनच चला.

मग मे २०२५ मध्ये राजुमोन यांचा निकाल आला. आजार पुन्हा स्किझोफ्रेनियाच. बोर्डाने कारणच दिलं नव्हतं, आणि कारणाशिवाय दिलेलं मत टिकणार नाही असं म्हणत न्यायालयाने पेन्शन दिली.

दोन्ही शेजारी ठेवून वाचले की करायचं काय ते कळतं. ‘भरतीला ठणठणीत होता’ एवढ्यावर विसंबून राहू नका. कारणाचा रकाना कोरा किंवा ठरावीक आहे हे दाखवा, आणि जोडीला तारखांची पट्टी द्या.

ट्रिब्युनलनेही नाही म्हटलं तर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

वीस वर्षं झाली, आता काय?

तरीही जा. पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून तरसेम सिंह प्रकरणात, २००८ मध्ये, उशीर झाला तरी हक्क बुडत नाही असं ठरलं. तोटा थकबाकीत होतो : अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे आज ढकललेलं प्रत्येक वर्ष खिशातून जातं.

हातात किती येईल

दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या सेवेचा भाग, ज्याला इथे नेहमीची १५ वर्षांची अट नाही. आणि डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाचा भाग : १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्याच प्रमाणात. बोर्ड आउट झालेल्यांना टक्के वर नेण्याची सवलत आहे. ५० पेक्षा कमी असतील तर ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, त्यावर १००. समजा पगार ४०,००० आणि अपंगत्व ४० टक्के. ते ५० धरायचं, म्हणजे पगाराच्या १५ टक्के, ६,००० रुपये. वर महागाई भत्ता. सेवा पूर्ण करून आलेल्यांनाही ही सवलत राम अवतार निकालाने डिसेंबर २०१४ मध्ये मिळाली.

‘नाना’ शेरा कायमच राहिला तरी एक दार आहे : इनव्हॅलिड पेन्शन. पूर्वी तिला १० वर्षं सेवा लागायची. १६ जुलै २०२० च्या आदेशाने, ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर सेवेत असलेल्यांना ही अट काढली, मात्र माणूस नागरी नोकरीलाही कायमचा अपात्र असायला हवा. अपिलात ही पर्यायी मागणी शेवटच्या परिच्छेदात लिहून टाका.

ज्यांना शेरा मारून काढलं

हे सगळ्यात अवघड, आणि यांच्याबद्दल गावात बोलतही नाहीत. आजार चढलेला असताना पोरगं रजेवरून परत जात नाही. ३० दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते, भगोडा ठरतो, पुढे डिसमिस. डिसमिस झालेल्याला पेन्शन नाही. इथे आधी डिसमिसल हटवावं लागतं, पेन्शन नंतर. गैरहजेरीच्या काळातले उपचारांचे कागद हाच आधार : कुठल्या सरकारी इस्पितळात नेलं, केसपेपर, गोळ्यांच्या पावत्या, आणि घरच्यांनी युनिटला फोन किंवा तार केली असेल तर तिची नोंद. देवऋषाकडे नेलं असेल तर तेही प्रतिज्ञापत्रात खरं लिहा, लाजण्यासारखं काही नाही.

चार लाल शेऱ्यांवर (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदींवर) ‘अनिष्ट’ म्हणून डिस्चार्ज केलं असेल तर वीरेंद्रकुमार दुबे निकाल, २०१५ वाचा. चार शेरे झाले म्हणून आपोआप काढता येत नाही, सेवा किती, कुठे, शेरे कशाचे, हे बघावं लागतं. शेऱ्यांच्या तारखा आजाराच्या पट्टीवर ठेवून बघा. दोन वर्षं स्वच्छ सेवा आणि मग आठ महिन्यांत चार शेरे, असं दिसलं तर शिस्तीआधी तब्येत बिघडली होती, हे मांडता येतं.

एजंट, गोळ्या, घर

पेन्शन आणून देतो म्हणून निम्मी थकबाकी मागणारे तालुक्याला भेटतात. कोऱ्या कागदावर, वकालतनाम्यावर किंवा चेकवर सही देऊ नका. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याच हातात द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची.

रिव्ह्यू बोर्ड लागलं की काही घरांतून गोळ्या बंद करतात, ‘टक्के वाढतील’ म्हणून. माणूस पुन्हा रस्त्यावर जातो, आणि बोर्ड ‘औषधं नियमित घेत नाही’ असं लिहून घेतं. बोर्डाच्या दिवशी गोळी घेऊनच जा, चालू प्रिस्क्रिप्शन सोबत न्या, आणि घरात तो रोज कसा असतो हे सांगायला आई किंवा बायको बाहेर बसलेली असू द्या. केस चालू असताना रात्री-बेरात्री बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी मोठ्या आकड्यात लिहून ठेवा.